पिल्लं नव्हती ती

बत्तीस वर्षं मी ज्यांना पिल्लं म्हणत आलो, ती पिल्लं नव्हती. सांगायचं एवढंच आहे. चूक एका ओळीत मावते, पण ती मी ज्या रुबाबात मिरवली तो रुबाब एका ओळीत मावत नाही, म्हणून थोडं मागून सुरुवात करतो.

1988 च्या जुलैत मी विज्ञानशिक्षक म्हणून बपेऱ्याच्या बाजूला आलो. तुमसरहून सिहोऱ्यावरून येणारा रस्ता इथं बावनथडीपाशी येऊन टेकतो. नदी ओलांडली की मध्य प्रदेश, बालाघाट जिल्हा. मी वर्ध्याकडचा, कापूस-तुरीतला माणूस. इथं जिकडे पाहावं तिकडे धानाच्या पाणी भरलेल्या बांध्या आणि त्यांत कमरेत वाकलेल्या रोवणीच्या बाया. कानावर पोवारी, झाडी आणि हिंदी एकदमच पडायची. पहिले दोन महिने मी वर्गाबाहेर फारसं बोललोच नाही, कारण समोरचा काय म्हणाला हे कळेपर्यंत तो पुढं निघून गेलेला असे.

त्याच पावसाळ्यात बाजारात मी पहिल्यांदा सात्या पाहिल्या. रानातल्या अळंबीला आमच्याकडे टेकोडे म्हणतात, इथं सात्या म्हणतात आणि नदीपलीकडचे पिहरी. एका बाईपुढं दोन ढीग होते. एक पळसाच्या पानांवर नीट वाटे करून मांडलेला. त्यातल्या सात्या जाडजूड, पांढऱ्या, देठ अंगठ्याएवढे, छत्री अजून मिटलेली आणि टोकाला करडा-तपकिरी ठिपका. दुसरा ढीग टोपलीत, मातीनं माखलेला. नखाएवढ्या पांढऱ्या टोप्या, सुतळीसारखे देठ, एका मुठीत पन्नास येतील अशा. मोठ्यांचा भाव बारीक सात्यांच्या कितीतरी पट. मी मोठ्या घेतल्या. निघताना टोपलीकडं बोट दाखवून म्हणालो, "ही पिल्लं कशाला तोडता बाई? वाढू द्यायची ना." ती हसली. ते हसू मला पटल्याचं वाटलं.

इथून माझ्या समाजकार्याला सुरुवात झाली.

वर्गात जीवनचक्र शिकवताना मी फुलपाखरू शिकवायचो, बेडूक शिकवायचो आणि तिसरं उदाहरण घरचं म्हणून सात्या जोडून द्यायचो. आधी बारीक, मग मोठ्या. फळ्यावर चित्रही काढायचो, लहान छत्री, मधली छत्री, मोठी छत्री, मधे बाण. मधली छत्री मी कधी पाहिलेली नव्हती. नखाएवढी आणि तळहाताएवढी यांच्या मधल्या मापाची एकही सात्या बत्तीस वर्षांत माझ्या हाती लागली नाही, आणि ती का लागली नाही हा प्रश्न एका विज्ञानशिक्षकाला पडला नाही. बाण काढला की मधलं सगळं भरून निघतं अशी माझी समजूत असावी.

एका वर्षी 15 ऑगस्टच्या प्रभातफेरीसाठी पोरांना घोषणा हव्या होत्या. मी लिहून दिली, 'आज बारीक सोडा, उद्या मोठी तोडा'. यमक जुळल्यामुळे ती फार चालली. पुढं कित्येक वर्षं रानाच्या वाटेवर एका पाटीवर ती रंगवलेली होती. पोरं घरी जाऊन आयांना टोपली रिकामी करायला लावायची. एका मुलीनं आईशी भांडून जेवण सोडलं होतं. हे मला तिच्या वडिलांनी कौतुकानं सांगितलं आणि मी कौतुकानं ऐकलं. त्या घरी त्या दिवशी दुसरी भाजी होती की नाही, हे मी विचारलं नव्हतं. आता विचारायची सोय नाही.

मला कुणी सांगितलं नाही असंही नाही. आमच्या पल्याडच्या घरी एक म्हातारी आहे, सारं गाव तिला मोठीमाय म्हणतं. रोवणीची गाणी, रानातल्या भाज्या, कुणाच्या घरी कोणत्या सालात कोण मेलं, सगळं तिच्याकडं. ती दर पावसाळ्यात एकदा तरी म्हणायची, "नाई होत जी गुरुजी त्या मोठ्या." मी मान हलवून हसायचो, पाचवीतलं पोर सात नवं बासष्ट म्हणालं की शिक्षक हसतो तसा. तीही पुढं बोलायची नाही. गुरुजीला किती दुरुस्त करायचं याची इथं एक मर्यादा आहे, आणि तिचा फायदा आम्ही गुरुजी लोक आयुष्यभर घेतो.

2017 मध्ये मी निवृत्त झालो. दोन वर्षांनी, 2019 च्या हिवाळ्यात, गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही पूर्ण करण्याची धांदल उडाली. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं अशी नोंदवही प्रत्येक स्थानिक संस्थेनं ठेवायची असते, पण वर्षानुवर्षं बहुतेकांची पानं कोरीच होती. मग राष्ट्रीय हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली आणि सगळे एकदम जागे झाले. परिसरातल्या एका गावानं मला मदतीला बोलावलं. निवृत्त विज्ञानशिक्षक म्हणजे अक्षर चांगलं आणि वेळ भरपूर. झाडं झाली, मासे झाले, धानाच्या जुन्या जाती झाल्या. अळंबीच्या रकान्यात मी लिहिलं, 'सात्या'. खाली कंसात 'बारीक अवस्था व मोठी अवस्था'.

मोठीमाय त्या बैठकीला होती, माहितगार म्हणून. लिहिलेलं वाचून दाखवायचा नियम, म्हणून मी वाचलं. ती ओळ आली तशी ती म्हणाली, "हे नोका लिहू." मी समजावू लागलो. तिनं मला मधेच थांबवलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "झिंगा वाढून कतला होते का जी?"

तलावांच्या जिल्ह्यात हा प्रश्न कुणालाही कळतो. झिंगा बारीक असतो तो लहान असल्यामुळे नाही, झिंगा असल्यामुळे. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पुरुष खाली बघून हसले. मी नोंदवही मिटली. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं की पुढच्या पावसाळ्यात या बाईला सगळ्यांदेखत खोटं पाडायचं. मनोगत खरं लिहायचं असेल तर हे लिहिलंच पाहिजे. माझ्या संशोधनामागं जिज्ञासा नव्हती, राग होता.

पुढचा पावसाळा म्हणजे 2020 चा. शाळा बंद, गाड्या बंद. नागपूरची नात मार्चपासून आमच्याकडे अडकलेली आणि कंटाळलेली. तिला मदतनीस केली. जुलैत चार दिवस संततधार लागली, मग एक दिवस उघडीप आणि उकाडा. मोठीमायनं सकाळी हाक मारली. तिच्या बांधीच्या पारीवर, मोहाखाली, जमीन पांढरी झाली होती. तांदूळ सांडल्यासारखी. बारीक सात्या. तिला माझा हेतू ठाऊक होता, तरी तिनंच जागा दाखवली. खरं तर याच क्षणी मी शहाणं व्हायला हवं होतं. हरायची भीती असलेला माणूस असा बोलावून पुरावा देत नाही.

दोन हात लांब, दोन हात रुंद तुकड्याला आम्ही बांबूच्या कमच्यांचं कुंपण घातलं. नातीनं मोजायला घेतलं. 412 पर्यंत आली आणि डास चावतात म्हणून उठली. अर्धंही झालं नव्हतं. फूटपट्टीनं टोप्या मोजल्या, बहुतेक दीड सेंटिमीटर, सगळ्यांत मोठी अडीचच्या आत. वहीत तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी टोप्या उघडून सपाट झाल्या, कडा चिरल्या. माप तेवढंच. तिसऱ्या दिवशी त्यांवर बारीक माश्या घोंगावत होत्या आणि सगळा पसारा तपकिरी होऊन मातीला चिकटला होता. चौथ्या दिवशी कुंपणात काहीच नव्हतं. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी ज्यांनी बारीक सात्या 'सोडल्या' असतील, त्यांनी त्या या चिखलासाठी सोडल्या होत्या.

तरी माणूस सहजासहजी ऐकत नाही. मी म्हटलं, या जागेत कस नसेल. मग चांदपूरच्या बाजूच्या रानात, सागाच्या विरळीत, मोठ्या सात्या निघाल्याची खबर आली. आम्ही तिघं गेलो. मोठीमाय काठी टेकत पुढं. एका बसक्या वारुळाच्या कडेला जमीन तडकली होती. तडकीतून एक करडं टोक वर आलं होतं, टोकदार, कठीण, मुसळाच्या तोंडासारखं. बोटानं माती सारली तर खाली जाड होत गेलेला पांढरा देठ. ही मोठ्या सात्यांची बाल्यावस्था. ती जन्मतःच जाड होती. बारीक सात्यांशी तिचं दुरूनही साम्य नव्हतं.

आणि ती मिटलेली होती. बाजारात पहिल्या दिवशी मी जी जास्त पैसे देऊन घेतली आणि पुढं बत्तीस वर्षं हटकून निवडून घेत आलो ती हीच, कारण मिटलेली सात्या टिकते, उघडलेली संध्याकाळपर्यंत मऊ पडते. अळंबीची छत्री उघडल्यावरच तिच्या पात्यांतून बीजाणू पडतात. मिटलेली तोडली म्हणजे खरोखर पिल्लूच तोडलं. बारीक सात्या मात्र टोपलीत येतात तेव्हा बहुतेक उघडून पिकलेल्या असतात, म्हणजे वयानं म्हाताऱ्या. मी म्हाताऱ्यांना पिल्लं समजून वाचवत होतो आणि पिल्लं लसणाच्या फोडणीत घालून खात होतो. ती घोषणाही मीच लिहिलेली होती.

त्या दिवसांत आम्ही दोन्ही खणून पाहिल्या. बारीक सात्यांचा देठ मातीत दोन बोटं खाली जाऊन संपला होता. टोकाला गव्हाच्या कोंड्याच्या गोळीसारखा भुरभुरीत तपकिरी कण चिकटलेला, बाकी मूळ असं काही नाही. मोठीच्या देठाला मात्र खाली मुळासारखी लांब शेपटी. मी खुरप्यानं माग काढत गेलो. हातभर खाली गेलो तरी ती बारीक होत होत पुढं जातच होती. मोठीमायनं खुरपं धरलं. "खालचं घर नोका फोडू."

ते घर उधईचं, म्हणजे वाळवीचं. पुढचे चार महिने मी मोबाइलवर, नातीच्या मदतीनं, शोधनिबंध वाचण्यात घालवले. इंग्रजी कळायला वेळ लागला, लॅटिन नावं उच्चारायला त्याहून जास्त. दोन्ही सात्या एकाच वंशाच्या निघाल्या, टर्मिटोमायसिस. हा वंश रॉजर हाइम या फ्रेंच बुरशीतज्ज्ञानं 1942 मध्ये स्थापन केला. नावातच वाळवी आहे. बारीक ती टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस. तिचं पहिलं वर्णन बर्कली आणि ब्रूम या दोघांनी 1871 मध्ये श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून केलं. आपल्याकडं जी मोठी निघते तिची लक्षणं टर्मिटोमायसिस हाइमीशी जुळली. पांढरी छत्री, मध्यावर गडद टोक, देठाला कडं आणि खाली लांब शेपटी. तिचं वर्णन 1979 मधलं, नटराजन या दक्षिण भारतातल्या संशोधकानं केलेलं. त्यांनी हाइमचंच नाव तिला दिलं. म्हणजे जिला मी थोरली समजत होतो तिला विज्ञानात नाव मिळालं ते बारकीनंतर तब्बल 108 वर्षांनी. जगाच्या कागदावर तरी बारकीच थोरली.

पण नावांपेक्षा मला धरून ठेवलं ते खालच्या घरानं. ते घर करणारी वाळवी शेतकरी आहे. वाळलेलं लाकूड, पाला, तणीस, जे मिळेल ते कामकरी वाळव्या खातात, घरी आणतात आणि त्यांच्या विष्ठेतून स्पंजासारखं एक पोळं रचतात. त्या पोळ्यावर ही बुरशी वाढते. लाकडातलं लिग्निन वाळवीला एकटीला पचत नाही. बुरशी ते फोडते, आणि तिच्यावर साबुदाण्याहून बारीक पांढरे मणी धरतात ते वाळवी खाते. पोळं जुनं झालं की तेही खाते. बुरशीला बाहेर कुठं स्वतंत्र शेत नाही. तिला वारुळातली ऊब, ओल आणि राखण लागते. ही भागीदारी आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी जमली असं अभ्यासक मानतात. आपल्या देशात वारुळातल्या या बागेबद्दल योहान कोनिग नावाच्या डॉक्टरनं 1779 मध्येच लिहून ठेवलं होतं. तो तमिळ मुलखात तरंगंबाडीला राहिलेला. मी 1988 मध्ये आलो.

दोघींचा फरक या घरापाशीच आहे. मोठी खाली पोळ्यातून निघते आणि वरची माती फोडत येते, म्हणून तिला ती लांब शेपटी आणि भाल्यासारखं टोक लागतं. बारीक सात्या हे कष्ट घेत नाहीत. पाऊस पडून जमीन भिजली की कामकरी वाळव्या आपल्या पोळ्याचे कण तोंडात धरून बाहेर आणतात, वर पसरून टाकतात, आणि त्या कणांवर बारीक सात्या उगवतात. देठाच्या टोकाला कोंड्यासारखं चिकटलेलं होतं ते हे. म्हणजे एकीला घरातून बाहेर पडायला वाट फोडावी लागते, दुसरीला घरची माणसं अंगणात आणून सोडतात. मोठीमायला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दोन सुना एका घरच्या."

याच वंशात झांबियाकडं एक जात आहे, जिची छत्री मीटरभर रुंद होते. टायटॅनिकस तिचं नाव. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि त्यावरच्या अळमीसाठी लोक पावसाळ्यात रांगा लावतात. नंदकुमार कामत यांच्यासारखे अभ्यासक तिथं वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की वारूळ राहिलं तर अळमी राहील. धिंगरीसारखी हिची शेती करता येत नाही. भाताच्या तणसावर अळंबी पिकवणारे आहेत, आमच्याकडंही आहेत, पण सात्या अजून कुणाच्या शेडमधून बाजारात आलेल्या नाहीत. ज्याला हवी त्याला वाळवीच्या दारात जावं लागतं.

इथं एक उपप्रकरण सांगून टाकतो, कारण तीही माझीच चूक. मी पोरांना शिकवायचो, रंगीत ती विषारी, पांढरी ती खायची. शिवाय विषारी अळंबीत चांदीचं नाणं काळं पडतं हेही सांगायचो, घरी ऐकलेलं. दोन्ही खोटं. नाणं कुठल्याच विषाची खात्री देत नाही. आणि पांढऱ्या रंगाचं म्हणाल, तर जगातल्या सर्वांत घातक अळंब्यांपैकी काही शुभ्र पांढऱ्या आहेत. आपल्याकडं मैदानात, गवतात निघणारी एक मोठी पांढरी छत्री आहे, क्लोरोफायलम. छत्रीवर तपकिरी खवले, देठाला कडं. मोठ्या सात्यांसारखंच कडं. नवखा माणूस हमखास फसतो. तिच्यानं तास-दोन तासांत उलट्या-हगवण सुरू होते. नातीनं आणि मी तिन्हींच्या छत्र्या रात्रभर कागदावर पालथ्या ठेवल्या. सकाळी दोन्ही सात्यांखाली फिकट गुलाबी ठसा होता, क्लोरोफायलमखाली मळकट हिरवा. दोन बहिणी एकीकडं, परकी एकीकडं. हा ठसा सुंदर असतो, पण त्यावर भरवसा ठेवून कुणी अनोळखी अळंबी खाऊ नये. हिरवा नाही म्हणून बिनविषारी असं होत नाही. काही अळंब्यांचं विष सहा-बारा तास गप्प राहतं आणि मग यकृतावर उतरतं. अनोळखी अळंबी खायची नाही हे माझं मत 1988 मध्ये होतं तसंच आज आहे. माझी खात्री आता मोठीमायच्या नजरेवर आहे, नि तीही संशय आला की टाकून देते, लोभ करत नाही.

आता जे सांगायचं ते मला यापेक्षा जड जातं.

2004 मध्ये मी इथं घर बांधलं. मागच्या कुंपणाला लागून धावड्याचा जुना खुंट होता आणि त्याला धरून वारूळ. नागपंचमीला गल्लीतल्या बाया तिथं लाह्या-दूध ठेवायला यायच्या. आषाढात त्याच वारुळाच्या कडेनं मोठ्या सात्या निघायच्या, एका वर्षी तर टोपलीभर. दोन-तीन वर्षांत उधईनं न्हाणीच्या दाराची चौकट धरली. मी तुमसरहून औषध आणलं, बादलीत कालवलं आणि पहारीनं वारुळाला भोकं पाडून सगळं आत ओतलं. चौकट वाचली. पुढच्या पावसाळ्यात सात्या निघाल्या नाहीत. त्याऐवजी काळपट, बोटांसारखे कडक कोंब वर आले. मला वाटलं, औषधाचा परिणाम. वाचल्यावर कळलं की तीही बुरशीच आहे, झायलेरिया. वाळवी जिवंत असते तोवर पोळ्यावर तिला डोकं वर काढू देत नाही. वाळवी मेली की तिचं फावतं. वारूळ मेल्याची ती खूण असते. बाया पुढच्या नागपंचमीला दुसऱ्या वारुळाकडं गेल्या. का ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या सालातही रानाच्या वाटेवर माझी पाटी उभी होती. बारीक सोडा, मोठी तोडा. ज्या बाया टोपलीभर बारीक सात्या काढून आणत त्यांनी वारुळाचं काहीच बिघडवलं नव्हतं. पोळ्याचे ते कण वाळवीनं आपणहून बाहेर टाकलेले. जे बिघडवलं ते मी, पहार घेऊन, पावती घेऊन. अलीकडं बांध्या मोठ्या करायला यंत्रं येतात, पारीवरची वारुळं एका सकाळी सपाट होतात, तेव्हा मला राग येतो, नि तो व्यक्त करायला तोंड उघडलं की न्हाणीची चौकट समोर दिसते. अजून शाबूत आहे ती.

2020 च्या त्या पावसाळ्याच्या शेवटी मी मोठीमायकडं गेलो. माफी मागायची होती, पण आमच्या पिढीच्या गुरुजींना ती मागता येत नाही. मी म्हटलं, "मोठीमाय, नोंदवही दुरुस्त करायची आहे. दोघींची नावं सांग." तिनं बारकीचं एक नाव सांगितलं. शेजारची सून म्हणाली, माझ्या माहेरी हे नाही, दुसरं म्हणतात. तिचं माहेर नदीपलीकडं. तिसरीनं तिसरं सांगितलं आणि मग तासभर त्या तिघींचं जे भांडण जुंपलं त्यात कुणाला गुरुजीची आठवणही राहिली नाही. मी तिन्ही नावं लिहून घेतली. रकाना अपुरा पडला म्हणून पान जोडलं. आधीची ओळ खोडली नाही, नुसती एक रेघ मारली. खाली काय होतं ते वाचता यावं म्हणून.

पाटी मी स्वतः उपटली. तिच्या पाठीमागं उधई लागलेली होती.

मागच्या श्रावणात मोठीमायनं पहाटे बारीक सात्या पाठवल्या, पितळेच्या गंजात, ओल्या फडक्याखाली. मी आजवर त्या कधी खाल्ल्या नव्हत्या, तत्त्व म्हणून. निवडायला बसलो तेव्हा कळलं की मोठ्या का महाग आणि बारीक का स्वस्त. मोठी चार तुकड्यांत मोकळी होते. हिला एक एक देठ खुडावा लागतो, मिठाच्या पाण्यात पाच वेळा धुवावी लागते, तरी तळाशी माती येतच राहते. आम्ही दोघं दीड तास बसलो होतो. बायकोनं जवसाच्या तेलात कांदा-लसूण परतला, तिखट-हळद, पाणी न घालता झाकण, उतरवताना सांबार, म्हणजे कोथिंबीर. वाडगाभर भाजी झाली. चव मोठीपेक्षा दाट होती, थोडी कडवटसर, भिजल्या मातीच्या वासाची. भातावर घेतली. बायकोनं विचारलं, कशी झाली. मी म्हटलं, चांगली, आणि तेवढ्यात दाताखाली खडा आला.